बन्सी धनगराची हाक

सरकारी कागदात आमच्या माळाला पोटखराबा म्हणतात; म्हणजे काही पिकत नाही अशी जमीन. हा शब्द ज्यानं शोधून काढला त्यानं आयुष्यात एकही मेंढरू पाळलं नसणार, हे मी पैजेवर सांगतो. मी एसटीत कंडक्टर होतो. पारनेर डेपोत उभी हयात गेली. सुप्याहून आत वळलं की आमचा थांबा लागतो आणि थांब्याच्या डाव्या हाताला तो माळ. पण माझ्या गाडीतून उतरलेलं एकही माणूस तिकडं मान वळवून बघायचं नाही. बघण्यासारखं उरलंच काय होतं? तांबडा मुरूम, गाजर गवत आणि वृक्षारोपणाचे जुने खड्डे. त्या खड्ड्यांत झाडं सोडून बाकी सगळं होतं, अगदी दारूच्या बाटल्यासुद्धा.

तिकडं बघायचा तो एकटा बन्सी.

बन्सी धनगर माझा चौथीपर्यंतचा सोबती. पुढं मी शाळेत राहिलो आणि तो बापाच्या मेंढरांमागं गेला. तसं बघितलं तर दोघांनी एकच धंदा केला, घोळका इथून तिथं नेण्याचा. फरक इतकाच की त्याची मेंढरं त्याचं ऐकायची. दिवाळी झाली की घोडीवर बिऱ्हाड लादून त्याचा कळप कोकणाच्या वाटेला लागायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचा. पावसाळाभर मग तो, त्याची बायको भागिरथी आणि मेंढरं, सगळा संसार माळावर.

त्याची हाक अख्ख्या पंचक्रोशीत ओळखू यायची. आधी जीभ टाळूला लावून ‘डुर्र्र’, मग ‘ह्यो ह्यो’ असे दोन हेल, आणि शेवटाला एक बारीक शीळ. ही शीळ काही त्यानं हौसेनं लावलेली नव्हती. मिसरूड फुटायच्या वयात एका एडक्यानं धडक देऊन त्याचा पुढचा दात पाडला, आणि तेव्हापासून ‘ह्यो’ म्हटलं की त्या फटीतून वारा सुटायचा. आम्ही पोरं पोट धरून हसायचो. मेंढरांना मात्र ती शीळ हाकेतलीच वाटली. प्रत्येक मेंढक्याची हाक वेगळी असते आणि कोकरू आईच्या मागं चालता चालता ती शिकतं. पाणवठ्यावर दोन कळप एकमेकांत मिसळले तर कुणी धावपळ करत नाही. दोघं मेंढके लांब उभे राहून आपापली हाक देतात, आणि मेंढरं ज्याची त्याच्याकडं निघून जातात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आम्ही लहान असताना, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी, ह्याच माळावर पवना नावाचं गवत मोठ्या माणसाच्या कमरेला लागायचं. कार्तिकात सगळा माळ तांबूस व्हायचा. आम्ही पोरं आत शिरलो की बाहेरून दिसायचो नाही, त्यामुळं घरच्यांच्या शिव्या ऐकूनही ओ द्यायची गरज नसायची. बन्सीचा बाप त्याला सांगायचा, कोकरू हरवलं तर शोधायला आत शिरायचं नाही. बांधावर उभं राहायचं आणि शेंडे कुठं हलतात ते बघायचं. दुष्काळात ते गवत मुळासकट गेलं. नंतर जे थोडंफार यायचं ते गावाची गुरं, शेरडं आणि बन्सीची मेंढरं बोटभर व्हायच्या आत खरडून न्यायची. बन्सी उगीच दुसऱ्याच्या नावानं खडे फोडायचा नाही. ‘आमीच खाल्लं त्ये,’ म्हणायचा.

कोरोनाच्या आदल्या वर्षी ज्योती आली. श्रीरामपूरची पोरगी, गवतावर काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला. ग्रामसभेत ती म्हणाली, माळावर जुनं गवत परत आणू. लोक हसले. राळेगणापासून धडा घेऊन सगळा तालुका झाडं लावा म्हणतोय आणि ही म्हणते गवत लावा! ती काही चिडली नाही. म्हणाली, ‘झाडांच्या जागी झाडं लावाच. हा माळ गवताचा आहे. इथं खड्डे खणून तुम्हीच दमलात.’ मग तिनं अट सांगितली: तीन वर्षं माळावर एकही जनावर जाता कामा नये.

सगळ्यांच्या माना बन्सीकडं वळल्या. दोन-चार शेरडं ज्याच्या त्याच्या दारात होती, पण माळावर जगणारा कळप गावात त्याचा एकट्याचा उरला होता. त्यानं नाही म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण सगळ्यांच्या आधी हात वर झाला तो त्याचा.

परत येताना मी त्याला झापलं. ‘अरे येड्या, मेंढरं काय डोक्यावर घेऊन हिंडणार?’

‘तीन वर्सं काढीन कुटंबी,’ तो म्हणाला. ‘माजी मेंढरं त्या गवतात शिरल्याली बगायची हायती मला. नुसतं शेंडं हाललं पायजेत. येकदा बगितलं की डोळं मिटाय मोकळा.’

तीन वर्षं कुठली? एक पावसाळासुद्धा निघेना. शेजारच्या गावांनी आधीच चराईबंदी केली होती. ह्यांनी हुसकलं की ते, त्यांनी हुसकलं की पलीकडचे. बन्सीचे गुडघे धरले. पंकज, त्याचा मुलगा, सुप्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा; तो मेंढरांमागं येईल ही आशा बापानं कधी केलीच नव्हती. मेंढरांच्या फासळ्या दिसायला लागल्या तेव्हा बन्सीनं भागिरथीच्या माहेरच्या नात्यातल्या गोरक्षला निरोप धाडला. पोरगा कष्टाळू, मेंढरावर जीव असणारा. कळप विकायचा ठरला.

मेंढरं विकायची ह्यांची एक रीत आहे. घेणारा आधी आठवडाभर विकणाऱ्याबरोबर रानात हिंडतो. मेंढरांना त्याचा वास सवयीचा व्हावा म्हणून. आणि कळप न्यायच्या दिवशी विकणाऱ्यानं घरात बसायचं, तोंडातून आवाज काढायचा नाही. त्यानं नुसता शब्द जरी उच्चारला तरी कळप मागं फिरतो आणि घेणाऱ्याचे हाल होतात.

त्या दिवशी मी मुद्दाम बन्सीच्या घरी जाऊन बसलो. भागिरथीनं बाहेर मेंढरांना हळद-कुंकू लावलं. कळप दारावरून निघाला, ओढ्यापर्यंत गेला आणि तिथं अडला. सगळी मेंढरं एकदम ओरडायला लागली. गोरक्ष हाका मारमारून घोगरा झाला, ते आम्हाला आतपर्यंत ऐकू येत होतं. बन्सी भिंतीला टेकून, डोक्यावरून घोंगडी घेऊन, दातखीळ बसल्यासारखा गप्प. घोंगडीखाली त्याचा जबडा हलत होता एवढं मला दिसलं. बऱ्याच वेळानं ओरडणं लांब लांब जायला लागलं. पोरानं अखेर कळप हलवला कसा, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. मला वाटलं, काठी चालवली असेल.

त्यानंतर बन्सीला घर खायला उठलं. माणूस गेलं तर दहा दिवस तरी लोक भेटायला येतात. इथं तर कुणी आलंच नाही, कारण मेंढरं विकल्याचं दुःख करायला कोण येतो? भागिरथी मात्र चेष्टेवारी न्यायची. मला म्हणाली, ‘भावजी, मेंढरं गेली आन् ह्ये मलाच हाकाय लागले. पानी मागायचं तर डुर्र करत्यात.’ असं म्हणून हसली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. ती लवकर बाहेर आली नाही.

ज्योतीला हे दिसत होतं. तिनं बन्सीला माळाची राखण दिली. आता ज्यानं जन्मभर चारलं तोच काठी घेऊन राखायला उभा! छबूबाईच्या शेळ्या त्यानं पहिल्यांदा हाकलल्या तेव्हा ती बाई भर रस्त्यात कडाडली, ‘जलमभर माळ तासून खाल्लास आन् आता सावकार झालास व्हय रं?’ बन्सीनं खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि शेळ्या हाकलल्या त्या हाकलल्याच.

बियाणं मिळवणं हे मोठं काम होतं. पवना आसपास कुठंच दिसेना. ज्योती आणि गावातल्या बाया रस्त्याच्या कडा, बंद पडलेल्या विहिरींचे काठ, असं सगळं धुंडाळत फिरल्या. शेवटी ज्योतीलाच तो सापडला, आमच्या मसणवट्यात. जिथं कुणी जनावर चारत नाही अशी गावात तेवढी एकच जागा. बायांनी कानाला हात लावले. लंकाबाई म्हणाली, ‘मढ्यावरचं बी माळावर न्हेता व्हय? गाव बुडवाल.’ कुणी पुढं होईना. मग बन्सी उठला, चपला बाहेर काढून आत गेला आणि ओंब्या ओरबाडून घोंगडीत भरायला लागला. म्हणाला, ‘माज्या आय-बापाच्या राखंत उगवलंय ह्ये. त्यांला नगं आसतं तर उगवलं नसतं.’ दुसऱ्या दिवशी लंकाबाई दोन पोती घेऊन सगळ्यांच्या आधी हजर होती.

ते बी शेण-मातीत कालवून माळावर पेरलं. मारवेल नावाच्या गवताचे ठोंब आणून ओळीनं लावले. पहिली दोन वर्षं नुसतं गाजर गवत उपटण्यात गेली, आणि गावानं तोंडसुख घ्यायचं ते घेतलं. मीही घेतलं, खोटं कशाला बोलू? चौथ्या वर्षी कुसळी, म्हणजे टोकदार कुसळांचं गवत, आली, तिच्यामागून मारवेल आलं, आणि पाचव्या वर्षी मी सुप्याहून येताना थांब्यावर उतरलो तर माळ तांबूस झालेला. मी रस्त्यातच उभा राहिलो. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमला. तितर ओरडत होते, चंडोल वर चढून चढून गात होता, आणि वाऱ्यासरशी सगळा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळत होता. म्हातारपणी असं काही दिसेल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं तिकीट फाडलं नसतं.

बन्सी बांधावर उभा होता. मी जवळ जाऊन त्याच्या पाठीत थाप मारली, ‘जिंकलास की लेका!’ तो शेंडे बघत होता. एखाद्या ठिकाणी गवत जरा जास्त हललं की त्याचा चेहरा उजळायचा, मान पुढं व्हायची. मग ते वाऱ्याचं आहे असं कळायचं आणि तो पुन्हा दुसरीकडं बघायचा. असं किती वेळ चाललं कोण जाणे. अखेर म्हणाला, ‘गवत आलं रं. पन मोकळं मोकळं वाटतंय. आत कुनीच न्हाई.’

त्याच्या दातानंही त्याच सुमारास दगा दिला. म्हणजे दात आला. पंकजनं बापाला नगरला नेऊन पुढचा दात बसवून आणला, काढता-घालता येणारा. पोरानं मायेनं केलं. बन्सी आता हसला की बँकेचा मॅनेजर दिसायचा, आणि मी त्याला तशीच हाक मारायला लागलो. पण भागिरथीनं मला सांगितलं, की एकदा परसात जाऊन त्यानं हाक मारून बघितली, तर शीळ निघाली नाही. त्यावर तो एवढंच म्हणाला, बरंच झालं, आता कुनाला मारायची हाय?

ह्या वर्षी पावसाळा सरता सरता ज्योती आम्हा दोघांना माळात घेऊन गेली. तिनं गवताचा एक ठोंब हातानं फाकवून दाखवला. वर गेल्या सालचा वाळका करडा पेंढा दाटून बसलेला आणि खाली नवे कोंब उजेडावाचून पिवळे पडलेले. ‘आबा,’ ती बन्सीला म्हणाली, ‘आता मेंढरं पाहिजेत. बी झडलंय. खुरांनी ते दाबलं जायला हवं, हे जुनं खाल्लं जायला हवं. नाहीतर हे गवत आपल्याच ओझ्याखाली मरेल.’

माझं टाळकं सटकलं. ‘मग आधी विकायला कशाला लावली त्याला?’ मी ओरडलो.

‘तेव्हा जमिनीला विसावा हवा होता, काका,’ ती म्हणाली. ‘विका असं आम्ही म्हणालो नव्हतो.’ मग तिनं फाकवलेला ठोंब सोडून दिला. ‘पण कळप कुठं ठेवायचा हेही आम्ही सांगितलं नव्हतं. ते चुकलंच आमचं.’

‘तिला कशाला बोलतुयास?’ बन्सी मला म्हणाला. ‘हात म्याच वर केल्ता.’

गावात आता मेंढरू औषधालाही नव्हतं. कुणाचा कळप आणायचा ह्यावर दोन दिवस नुसतीच चर्चा. गोरक्षचं नाव सगळ्यांच्या मनात होतं आणि बन्सीसमोर ते घ्यायची कुणाची छाती होत नव्हती. भागिरथीनं कुणालाच न विचारता मोबाईल लावला. बन्सी भडकला, ‘कशाला बलिवलंस? आता काय माजी हायती का ती?’

‘नसू द्या,’ भागिरथी म्हणाली. ‘हात कशापायी वर केल्ता त्ये इसरलात काय?’

दिवाळी झाली. कोकणात उतरायच्या आधी गोरक्ष कळप घेऊन आमच्याकडं येणार असं ठरलं. कुसळं लोकरीत अडकून कातडीत शिरतात, म्हणून त्यानं आधी कातरणी उरकून घेतली. त्या दिवशी सकाळी बन्सी धुतलेलं धोतर नेसून बांधावर जाऊन बसला. मी शेजारी. ओठ घट्ट मिटलेले. मी दोन-तीनदा मॅनेजर म्हणून डिवचलं, तरी हसेना.

आणि ओढ्याच्या पलीकडून हाक आली. डुर्र्र. ह्यो ह्यो. आणि शेवटाला बारीक शीळ.

मी दचकून बन्सीकडं बघितलं. त्याचं तोंड मिटलेलंच होतं.

कळप ओढा चढून वर आला. पुढं गोरक्ष. काठी बगलेत धरून तो आधी बन्सीच्या पायाशी वाकला आणि ओशाळल्यासारखा हसला. ‘मामा, रागवू नगा. त्या दिशी वड्यापाशी माज्या हाकंला येकबी हाललं न्हाई. मंग तुमची हाक मारली. शिट्टी येईना, तवा दोन बोटं घातली तोंडात. आता त्येच चालू हाय. नवी कोकरंबी तीच वळखत्यात.’

बन्सीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. तोंड उघडलं नाही.

मेंढरं गवताच्या कडेला येऊन थबकली. आपल्यापेक्षा उंच गवत त्यांच्यातल्या एकीनंही पाहिलं नव्हतं. मागची पुढच्यांवर आदळली, चुळबुळ झाली, आणि सगळी तिथंच खिळून राहिली. गोरक्ष पुढं गवतात शिरला. तो दिसेनासा झाला तशी मेंढरं आणखीच बावरली. तेव्हा बन्सी उठून उभा राहिला. त्याचा श्वास मोठा झाला होता. मान पुढं, छाती भरलेली, ओठ जरासे उघडलेले. आणि मला ती काळी फट दिसली. दात जागेवर नव्हता. सदऱ्याच्या खिशावर त्याची मूठ होती. घरून निघतानाच तो दात काढून आला होता.

‘मार की लेका,’ मी हळूच म्हणालो. ‘मार एकदा हाक. तुझीच आहेत ती.’

त्यानं उपरण्याचं टोक तोंडात कोंबलं. दोन्ही हातांनी दाबून धरलं. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं तरी त्यानं ते पुसलं नाही. बऱ्याच वेळानं उपरणं जरा खाली घेऊन, मेंढरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, तो माझ्या कानाशी पुटपुटला. ‘म्या मारली तर हिकडं येतील. आन् पुना कवा त्यानं मारली, तर खरी कुनाची म्हनून थांबून बगतील. परवा घाटात उतरायचंय त्यांला. मोटारी किती आसत्यात.’

मला त्याचा राग आला. इतकी वर्षं ज्यासाठी वाट बघितली ते हाताशी आल्यावर माणसानं इतकं शहाणं का असावं? आणि मग मी उगीच माळाकडं बघत राहिलो.

आतून हाक आली. डुर्र्र, ह्यो ह्यो, आणि शीळ. एक म्हातारी मेंढी पुढं झाली. तिनं गवताला नाक लावलं आणि आत शिरली. तिच्यामागून दुसरी, मग सगळा कळप. पाठी दिसेनाशा झाल्या. वारा अजिबात नव्हता, आणि शेंडे हलत होते. आमच्या पायापासून पार त्या टोकापर्यंत हलत होते. आतून नुसता कचाकचा खाण्याचा आवाज येत होता.

बन्सी उभ्यानंच बघत राहिला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठं तो खाली बसला. ‘खाऊ दे,’ म्हणाला. ‘पोटभर खाऊ दे.’ मग खिशात हात घालून त्यानं दात बाहेर काढला. त्याला चिकटलेली तंबाखू फुंकरून उडवली, धोतराला पुसला आणि अंगठ्यानं दाबून जागेवर बसवला.

‘कसा दिसतोय?’ त्यानं मला विचारलं.

‘मॅनेजर,’ मी म्हणालो.